तापीकाठच्या मोटरी आणि काळे प्लग

खानदेशाला समुद्रकिनारा नाही, पण बोटीच्या मोटरी आहेत. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी चांगदेवजवळ पूर्णेला भेटते आणि पुढे हतनूर धरण लागतं. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडले की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या काठांवर सावधानतेचा इशारा जातो. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी या एरवी कोरड्याठाक नद्यांनी चाळीसगावात काय केलं, ते तिथल्या दुकानदारांना विचारावं. पांझरा तर धुळे शहराच्या मधूनच वाहते. राज्य आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एसडीआरएफ, २०१६ साली उभं राहिलं तेव्हा त्याच्या तुकड्यांसाठी दोन ठिकाणं ठरली, नागपूर आणि धुळे. रबरी बोटीच्या पाठीला लावायच्या मोटरीला या मंडळींत ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात.

या ओबीएमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात क्षुल्लक वाटणारं दुखणं म्हणजे काळा पडलेला प्लग आणि आत साठलेला कार्बन. त्यावर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ते एक तर रोज समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाणाऱ्या हौशी लोकांसाठी. आपल्याकडची मोटर या दोन्हींत बसत नाही. ती वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये उभी असते आणि एका रात्री, भर पावसात, पहिल्या-दुसऱ्या दोरीला तिनं पकडावं अशी अपेक्षा असते. त्यामुळे पुस्तकातला कोणता सल्ला इथे लागू पडतो आणि कोणता उलटा पडतो, हे नीट तपासायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचे प्लग मोटर चालवल्यामुळे काळे होत नाहीत, ते ‘चालू करून बघितल्यामुळे’ होतात.

आधी प्लग काढून तळहातावर घेऊ. मध्ये पांढरी चिनीमाती, तिच्या टोकातून डोकावणारी सळई आणि वर वाकलेली पट्टी. चिनीमातीचा रंग फिका तपकिरी असेल, चहाच्या डागासारखा, तर मोटर ठीक आहे. कोरडी, मखमली काजळी बोटाला लागत असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे किंवा हवा कमी. चोक पूर्ण उघडत नसेल, किंवा मोटर तासन् तास हळू चालली असेल. प्लग ओला, तेलकट, चमकदार काळा असेल तर ऑइल जास्त झालंय किंवा त्या सिलिंडरला करंटच नाही. सळई आणि पट्टीच्या मधल्या फटीत कधी केसाएवढा बारीक पूल तयार झालेला दिसतो. अशा प्लगला मेकॅनिक ‘शॉर्ट झाला’ म्हणतात आणि ते शब्दशः खरं असतं. प्लग पांढराफटक पडून त्यावर बारीक मणी दिसले तर मात्र काळ्या प्लगपेक्षा जास्त घाबरावं, कारण आत उष्णता हाताबाहेर गेलेली असते आणि पुढचा नंबर पिस्टनचा. एक पथ्य विसरलं जातं. प्लगचा रंग वाचायचा तो पूर्ण भारावर चालवून तिथल्या तिथे मोटर बंद केल्यावर. काठापर्यंत रमतगमत आणलेल्या मोटरीचा प्लग काढला तर शेवटच्या पाच मिनिटांची काजळी तेवढी दिसते.

काजळीने बिघडतं काय? कार्बनमधून वीज वाहते. चिनीमातीच्या नाकावर कार्बनचा थर बसला की करंटला फट ओलांडून ठिणगी पाडण्यापेक्षा त्या थरावरून घसरत बॉडीला जाणं सोपं पडतं. ठिणगी कमजोर, म्हणून जळण अर्धवट. जळण अर्धवट, म्हणून काजळी आणखी. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. प्लगच्या नाकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच ही काजळी जागच्या जागी जळून जाते. ८५० अंशांच्या आसपास गेलं तर उलटा धोका, म्हणजे ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटतं. प्लगचं आयुष्य या दोन आकड्यांच्या मध्ये जावं लागतं. भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंश आहे, मोटर आधीच तापलेली आहे, असं म्हणणारे भेटतात. बाहेरचे ४५ अंश त्या ४५०च्या हिशेबात कुठेच येत नाहीत. उलट गरम हवा विरळ असते, त्यामुळे जुन्या कार्बुरेटरच्या मोटरीत उन्हाळ्यात मिश्रण थोडं जास्तच पेट्रोलकडे झुकतं.

आता ‘चालू करून बघण्या’कडे येऊ. दर महिन्याला किंवा साहेबांची भेट असली की मोटर पाण्याच्या पिंपात सोडली जाते. चोक ओढायचा, रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबायचा, दोरी ओढायची. मोटर धूर सोडत पकडते, सगळे समाधानाने माना डोलावतात, दोन मिनिटांत ती बंद होते आणि रजिस्टरमध्ये ‘चालू स्थितीत’ अशी नोंद पडते. या दोन मिनिटांत प्लग ४५० अंशांच्या जवळपासही जात नाही. चोकमुळे आत गेलेलं जादा पेट्रोल तसंच राहतं, त्यातलं ऑइल प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसतं, बंद केल्यावर कार्बुरेटरच्या वाटीत मिश्रण उरतं. पुढच्या महिनाभरात त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि वाटीत घट्ट ऑइल व चिकट राळ राहते. पुढच्या वेळी दोरी ओढली की पहिला घोट त्या घट्ट ऑइलचा. असे आठ-दहा महिने गेले की पुराच्या रात्री प्लग काय अवस्थेत असणार, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. पिंपात मोटर जोरात चालवताही येत नाही, पाणी बाहेर उडतं, पंखा हवा ओढतो. म्हणजे पिंपातल्या चाचणीतून मोटरीचं चांगलं होण्याची सोयच नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. आपल्याकडे बोटीचं बरंचसं काम सुटकेचं नसतं, शोधाचं असतं. कोणी वाहून गेलं की गळ टाकत, काठ न्याहाळत, मुंगीच्या पावलाने बोट फिरते, कधी सकाळपासून अंधार पडेपर्यंत. हे काम किती धोक्याचं आहे ते २३ मे २०२४ला अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत दिसलं. बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याच्या तुकडीची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या दुर्घटनेशी प्लगचा संबंध जोडण्याचं काही कारण नाही. मुद्दा एवढाच की ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांच्यापुढे धोक्याची यादी आधीच मोठी आहे, त्यात प्लगची भर नको. गणेश विसर्जनाला जळगावच्या मेहरूण तलावासारख्या ठिकाणी बोट ठेवायची म्हणजे तीही अशीच तासन् तास आयडलवर. अशा दिवशी अर्ध्या-पाऊण तासाने एकदा, माणसं आणि दोर दूर आहेत हे बघून, दोन-तीन मिनिटं मोटर मोकळ्या पाण्यात पूर्ण दाबावी. नाकावरची कोवळी काजळी तेवढ्यात जळते. काम संपल्यावरही लगेच काठाला न लावता एक लांब फेरी मारावी.

ऑइलबद्दल मात्र जरा जास्त लिहावं लागेल, कारण इथल्या चुका खास आपल्या आहेत. आपल्या भागात टू-स्ट्रोकची मोठी परंपरा आहे. लूना, राजदूत, चेतक, आरएक्स १००, जुन्या रिक्षा. आणि आज कापसावर, केळीवर फवारणी करणारे पाठीवरचे पॉवर पंप. त्यामुळे ‘टू टी’ म्हणजे टू टी, कुठलंही चालतं, असा समज पक्का आहे. चालत नाही. स्कूटर, फवारणी पंप ही हवेने थंड होणारी, जास्त तापणारी इंजिनं; त्यांच्या ऑइलमध्ये धातूयुक्त रसायनं असतात आणि ती जळून थोडी राख राहते. बोटीची मोटर पाण्याने थंड होते, तिचा सिलिंडर त्या मानाने थंड राहतो, आणि ती राख प्लगवर व पिस्टनवर साचते. फटीतला तो केसाएवढा पूल बहुधा याच राखेचा. म्हणून बोटीच्या मोटरीला डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ असं छापलेलं, राख न सोडणारं ऑइलच लागतं. ते पेट्रोल पंपावर मिळेलच असं नाही, मुंबई-पुण्याहून मागवावं लागलं तर मागवावं. वर्षाला काही लिटरचा तर प्रश्न. उलट, हेच ऑइल फवारणी पंपात घातलं तर तो पंप जळण्याचा धोका, हेही लक्षात असू द्या.

प्रमाणाचंही तसंच. बऱ्याच मोटरींना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागतं, म्हणजे लिटरला २० मिलि, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. नवीन मोटर रुळेपर्यंत त्याच्या दुप्पट. काही मोटरींचं प्रमाण वेगळं असतं, ते पुस्तिकेत बघून टाकीवरच रंगाने लिहून ठेवावं. ‘सीझ होण्यापेक्षा थोडं जास्त बरं’ या मायेने घातलेला जादा ग्लास प्लग काळा करतोच, शिवाय तेवढ्या जागेत पेट्रोल कमी मावतं आणि मिश्रण हवेकडे झुकतं. ऑइल जास्त घालून इंजिन जास्त तापवण्याची किमया यातून साधते. मोजपात्र लागतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण हे मोजपात्र नव्हे.

पेट्रोलचा प्रश्न गेल्या काही वर्षांत अवघड झाला. २०२२मध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा झाला, २०२५पर्यंत देशभर २० टक्के. बाहेरच्या बहुतेक मोटर-कंपन्या आपल्या आउटबोर्डना १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने पडून राहिली की ते पाणी वाढतं आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून तळाला बसतं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल वर राहतं. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे मोटरीला जे पहिलं मिळतं त्यात ऑइल जवळजवळ नाहीच. मोटर पकडली नाही तर नशीब समजा, कारण पकडली तर बिनऑइलची चालेल. यावर उपाय दोन. मिश्रण करून साठवायचं नाही, लागेल तेव्हा ताजं करायचं. आणि पावसाळ्यातही टाकीतलं मिश्रण महिन्याभराहून जुनं होऊ द्यायचं नाही. उरलेलं काढून टाकावं लागतं म्हणून कोणी लेखापरीक्षणाची भीती दाखवली, तर नव्या पिस्टनच्या बिलाशी तुलना करून दाखवावी.

प्लगचा नंबर बदलून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. काळा पडतो ना, मग ‘गरम’ प्लग लावा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियन आणि बॉशमध्ये उलट. बॉशच्याच जुन्या ‘मायको’ प्लगच्या सवयीने एनजीके निवडणारा इथे हमखास फसतो. गरम प्लग आयडलवर स्वच्छ राहील हे खरं. पण पुराच्या पाण्यात माणसं भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध पूर्ण दाबून आणायची वेळ आली की हाच प्लग आतल्या मिश्रणाला आधीच पेट देईल आणि पिस्टनला भोक पाडेल. बचावाच्या मोटरीला कंपनीने सांगितलेल्या नंबरशिवाय दुसरा प्लग लावू नये, याबाबत मला तरी शंका वाटत नाही. एनजीकेच्या नंबरापुढे ‘१०’ असेल तर फट १ मिमी हवी. फीलर गेजने बघावी, ब्लेडच्या पात्याने नव्हे. बसवताना आधी हाताने पूर्ण, मग नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा. काळा प्लग पॉलिश पेपरने घासून परत लावणं रस्त्यावर चालून जातं. वाळूच्या मशीनवर साफ केलेला प्लग मात्र टू-स्ट्रोकमध्ये लावू नये, चिनीमातीच्या खोबणीत अडकलेला कण सिलिंडरमध्ये पडला की भिंतीला ओरखडे. नवा प्लग काही शे रुपयांत येतो. प्रत्येक बोटीत नव्या प्लगचा एक पूर्ण संच आणि प्लगपाना, प्लास्टिकमध्ये बांधून, हवाच.

प्लग स्वच्छ ठेवायचा असेल तर आणखी दोन भाग बघावे लागतात, ज्यांचा प्लगशी संबंध चटकन लक्षात येत नाही. एक थर्मोस्टॅट. ‘आपल्याकडे ऊन एवढं, थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून टाकलेल्या मोटरी असतात. मग नदीचं थंड पाणी सतत सिलिंडरभोवती खेळतं, मोटर कधी कामाच्या तापमानाला येतच नाही, आणि काजळी साचत राहते. दुसरा पंखा. बोट जड, पंख्याचा पिच जास्त, तर मोटर पूर्ण दाबूनही कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही. कुथत चालते आणि कार्बन धरते. पिच इंचाने कमी केला की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात. तापीचं पाणी गाळाचं, काळ्या मातीचं. त्याने पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर झिजतो. पण तो तापण्याचा विषय, इथे एवढंच की मोटरीच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली की प्लगचं सोडा, आधी मोटर बंद करा.

आत बसलेला कार्बन काढण्याचे मार्ग जुने आहेत. चेतकच्या काळात हेड उघडून खरवडणं हा गॅरेजचा नित्याचा धंदा होता. बोटीच्या मोटरीत कार्बनचा खरा बळी म्हणजे पिस्टनच्या रिंगा. खोबणीत कार्बन भरला की त्या चिकटतात, दाब गळतो, भिंत ओरबाडते. अशा वेळी कार्बन मऊ करणारी फवारणीची औषधं परदेशी कंपन्या विकतात. मोटर थोड्या जोरात चालवत कार्बुरेटरमधून ती आत सोडायची, शेवटी एकदम जास्त सोडून मोटर बुडवायची, काही तास मुरू द्यायचं, मग मोकळ्या पाण्यात पूर्ण दाबून जाळून टाकायचं आणि नवे प्लग घालायचे. हे काम करतं, पण वेळेवर. जाड थर बसलेल्या, आधीच रिंगा चिकटलेल्या मोटरीत एकदम केलं तर निघालेले ढलपे रिंग तोडू शकतात. तिथे हेड उघडणं हाच प्रामाणिक मार्ग. कार्बुरेटरमधून पाण्याचे थेंब सोडण्याची गॅरेजातली युक्तीही कार्बन उडवते, पण हात थोडा सैल पडला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ती बचावाच्या मोटरीवर करू नये.

मग सगळ्या मोटरी फोर-स्ट्रोक का करू नयेत, असं कोणी विचारेल. १९०९च्या सुमारास ओली एव्हिनरूडने अमेरिकेत बोटीची मोटर बाजारात आणली तेव्हापासून हे क्षेत्र टू-स्ट्रोकचं होतं. होंडाने १९६४मध्ये फोर-स्ट्रोक आणली, आणि अमेरिका-युरोपात प्रदूषणाच्या नियमांनी जुन्या टू-स्ट्रोकला बाजूला सारलं. नव्या इंजेक्शनच्या मोटरी आयडलवर कितीतरी स्वच्छ चालतात, हे निर्विवाद. पण त्या जड असतात, दोघांनी उचलून ट्रकमध्ये टाकायला त्रासाच्या, आणि बिघडल्या तर संगणक जोडून तपासाव्या लागतात. जुन्या कार्बुरेटरच्या मोटरीला भुसावळ किंवा शिरपूरचा चांगला मेकॅनिक पान्याने सुरू करू शकतो. सध्याच्या मोटरी आहेत तोवर त्यांच्याशी नीट वागणं ही पहिली गोष्ट. नव्या खरेदीची निविदा निघेल तेव्हा निघेल.

टू-स्ट्रोकच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवता येत नाही. अशा मोटरीत पेट्रोलचा मोठा वाटा, पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, न जळताच धुराबरोबर पाण्यात जातो. मोटर भारावर चालवा असं सांगताना ती कुठे चालवायची हेही सांगायला हवं. जळगावला पिण्याचं पाणी वाघूर धरणातून येतं, धुळ्याच्या काही भागाला नकाणे तलावातून. सरावासाठी हे जवळचे साठे टाळावेत आणि शक्य तिथे तापीच्या वाहत्या पात्रात जावं. लांब पडतं, पण बोट ट्रकवर चढवण्या-उतरवण्याचा सरावही त्यातच होतो.

हंगाम संपल्यावर मोटर ठेवायची कशी, यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, दर महिन्याला चालवा. काही म्हणतात, नीट बंद करून मे महिन्यापर्यंत हात लावू नका. दोन्ही बरोबर आहेत, चुकीची आहे ती मधली वाट. चालवायची तर पाण्यात, भारावर, निदान वीस-पंचवीस मिनिटं. ते जमणार नसेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन, पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, कार्बुरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं काढावं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, दोरी हळू ओढून ते पसरवावं, आणि टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. ऑइल सोडताना प्लगच्या वायरी बॉडीला लावून ठेवाव्यात. आत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीला निमित्त पुरतं.

एप्रिल-मेमध्ये मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठका होतात आणि बोटींची संख्या कागदावर येते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांना, महापालिकेच्या अग्निशमन विभागांना आणि तहसील कार्यालयांना विनंती एवढीच की त्या कागदात ‘चालू स्थितीत’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी चार रकाने घालावेत: मोटर शेवटची भारावर कोणत्या तारखेला चालली, किती मिनिटं, पूर्ण दाबल्यावर किती फेऱ्या मिळाल्या, आणि प्लग कधी बदलले. पहिला रकाना रिकामा दिसला तर १ जूनच्या आत ती मोटर नदीवर न्यावी.